कंबर मोजली, वजन विचारले

विरारच्या फुलपाड्यातल्या चाळींत, चार मजली इमारतींत आशाताई आजारांचा धोका जोखणारा सीबॅक फॉर्म भरायला येतात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा हा फॉर्म भरायचा असतो. त्यात कंबरेचा घेर टेप लावून मोजायचा. बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असेल तर शून्य गुण, ९० च्या पुढे गेला तर दोन. वय, तंबाखू, दारू, व्यायाम असे सगळे धरून बेरीज चारच्या वर गेली की त्या व्यक्तीची तपासणी आधी करायची. इथवर सगळे चोख आहे. त्याच फॉर्मात खाली, क्षयाच्या लक्षणांसोबत, आणखी एक प्रश्न आहे : वजन कमी झाले आहे का? तिथे सेंटिमीटर नाही, किलो नाही. हो किंवा नाही.

म्हणजे वाढलेली कंबर मोजायची आणि घटलेले वजन नुसते विचारायचे. विचारायचे तरी कोणाला? सत्तरीच्या आजींना. शेवटचे वजन कधी केले, हे त्यांना आठवत नाही. मुलगा-सून पहाटे विरार लोकल गाठतात आणि रात्री परततात. दुपारी आजी काय जेवल्या, जेवल्या की नाही, हे पाहायला घरात कोणी नसते. आजी ‘नाही’ म्हणतात. रकाना भरतो. फॉर्म पूर्ण होतो.

सहा महिने ते वर्षभरात, काही न ठरवता, वजन ५ टक्क्यांनी उतरले तर कारण शोधायचे, असा डॉक्टरांचा ढोबळ नियम आहे. ५५ किलोच्या आजींसाठी हे झाले पावणेतीन किलो. रोज समोर असलेल्या माणसाचे पावणेतीन किलो डोळ्यांना दिसत नाहीत. दिसते ते बांगडी कोपराकडे सरकू लागली, बोलताना कवळी सुटू लागली की. तोवर आठ-दहा किलो गेलेले असतात. त्यावरही घरात उत्तर तयार असते : ‘वय झालं आता.’ मधुमेह असेल तर उलट कौतुक होते. बारीक झालात, शुगर कंट्रोलमध्ये दिसतेय! शुगर हाताबाहेर गेली तरीही माणूस असाच बारीक होतो, हे जिन्यात कोणी सांगत नाही.

वयाने माणूस हळूहळू वाळतो, हे खरे. पण वर्षभरात पावणेतीन किलो हे वयाचे काम नव्हे. त्यामागे जठराचा किंवा आतड्याचा कर्करोग असू शकतो. क्षय असू शकतो, आणि या वयात तो खोकल्या-तापाची वर्दी न देताही येतो. थायरॉइड वाढलेले असते, पण छातीत धडधड नसते. कधी नैराश्य, कधी जेवलो की नाही हेच न आठवणे. आणि कधी कारण अगदी घरचे निघते. दाढा पडल्यात, भाकरी चावत नाही. मधुमेहाच्या गोळीने भूक मेलेली. मीठ बंद, तेल बंद, साखर बंद करून काळजीपोटी घरच्यांनीच ताट बेचव केलेले. हे शेवटचे दुरुस्त करायला पैसाही लागत नाही. फक्त वेळेत कळावे लागते. सुमारे चौघांतल्या एकाच्या बाबतीत सगळ्या तपासण्यांनंतरही काही सापडत नाही. तेव्हा डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा या म्हणतात. पुन्हा आल्यावर पहिल्यांदा बघतात ते वजनच.

सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. त्याच वर्षी क्षयरुग्णाच्या पोषणाची मदत महिन्याला पाचशेवरून हजार रुपये झाली. दोन्ही योग्यच. पण दोन्ही सुरू होतात रोग सापडल्यावर. तो सापडायला आधीचा आकडा लागतो. एखाद्या शिबिरात काट्यावर उभे केले आणि मागच्या वर्षीचे वजन शेजारी नसेल, तर आजचे ४८ किलो काहीच सांगत नाहीत. अंगणवाडीत नातवाचे वजन दर महिन्याला लिहायचा नियम आहे. रेघ खाली वळली तर ताईंनी घरी विचारपूस करायची असते. त्याच घरातल्या आजीसाठी असा तक्ता नाही.

सीबॅक फॉर्मात एक रकाना वाढवावा : किलो आणि तारीख. वसई-विरार महापालिकेने त्यासाठी दिल्लीची वाट पाहू नये. साठीपुढच्या प्रत्येकाच्या केसपेपरवर रक्तदाबाआधी वजन लिहावे, मागच्या वेळचे शेजारी असावे. आणि वाचकांनी महापालिकेची वाट पाहू नये. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आई-वडिलांना काट्यावर उभे करा, आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. पाय सुजलेले असतील तर तेही लिहा, कारण अंगात साठलेल्या पाण्याने काटा फसतो. आकडा सारखा उतरत असेल तर ते कॅलेंडर घेऊनच डॉक्टरांकडे जा.