पोरं गळत नाहीत, ढकलली जातात

सरकारी दप्तरात एक शब्द आहे: गळती. पिकलं की पान गळतं. फुटकं छप्पर गळतं. वायसर गेला की नळ गळतो. आणि ह्यांच्या हिशेबात आमची पोरंही गळतात. कुणी ढकललं नाही, कुणी हात सोडला नाही, आपोआप गळली!

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं लोकसभेत लेखी उत्तर दिलं. मागच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएम मिळून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींचे १३,५०० हून जास्त विद्यार्थी मधूनच बाहेर पडले. कारण काय दिलं? तर विद्यार्थ्यांपुढं अनेक पर्याय असतात, ते एक संस्था सोडून दुसरीकडं जातात. वा रे पर्याय! बाप मेला की आमच्या पोरापुढं दोनच पर्याय असतात. पुस्तक ठेवायचं, नाहीतर चूल विझवायची.

मेडिकलचं तर बोलूच नका. २०२४ साली बाहेर आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या आकड्यांत पाच वर्षांत शंभरावर मेडिकल विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत, आणि हजारावर विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडल्याची नोंद आहे. त्यात पीजीचे जास्त. हे जे हजारावर गेले ते कुठं गेले, काय करतात, त्यांच्या घरात काय घडलं होतं, हे विचारायला कोण गेलं? मेलेल्याची निदान पोलिसांत नोंद होते. सोडून गेलेल्याची हजेरीपटावर एक लाल रेघ.

दोस्तांनो, ह्या लाल रेघेतल्या एका पोराची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, शहर सांगत नाही. तुमच्याही वसाहतीत असला एक असेलच.

बाप महापालिकेत सफाई कामगार. पहाटे हजेरी चौकीवर अंगठा, मग गल्ल्या, गटारं, कचऱ्याच्या गाड्या. राहायला महापालिकेची सर्व्हिस क्वार्टर, एक खोली. आईला दमा. धाकटी बहीण दहावीत. हा थोरला. बारावीनंतर एक वर्ष घरी बसून नीटचा अभ्यास केला, सरकारी मेडिकल कॉलेजात लागला. वसाहतीत पहिला. बॅनर लागला, नगरसेवकाचं तोंड त्याच्या तोंडापेक्षा मोठं छापलं होतं. शाल, श्रीफळ, भाषणं. पहिलं वर्ष पास. दुसरं वर्ष पास. तिसऱ्या वर्षात वॉर्डात पेशंटच्या छातीला स्टेथो लावायला लागला. आणि बाप ड्यूटीवरून आला, छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत खलास.

आता हिशेब ऐका. क्वार्टर नोकरीबरोबरची. नोकरी संपली की खोली खाली करा. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. पण वारस कोण? आईचा दम लागतो, तिला झाडू झेपणार नाही. बहीण अज्ञान. उरला हा. अर्जाला मुदत. मुदतीत नाव लावलं तर नोकरी आणि डोक्यावर छप्पर. नाही लावलं तर आई आणि बहीण फूटपाथवर, आणि हा डिसेक्शनच्या पुस्तकात नसा मोजत बसणार? त्यानं नाव लावलं. आज त्याच चौकीवर, त्याच मुकादमाच्या हाताखाली, बापाच्या जागी हजेरी देतो. लोकांच्या आजारांची नावं त्याला लॅटिनमध्ये येतात आणि त्यांचा कचरा तो मराठीत उचलतो.

आणि लोक काय म्हणाले? कॉलेजातले म्हणाले, बघा, आरक्षणाची सीट वाया घालवली, झेपत नाही तर येता कशाला. आपल्यातले म्हणाले, पोरानं समाजाचं नाक कापलं. घरात काय जळतंय हे दोघांनीही विचारलं नाही.

संकट पांढरपेशाच्या घरीही येतं. बाप त्यांचाही मरतो, दु:ख त्यांनाही होतं. पण तिथं बापामागं फंड असतो, विमा असतो, स्वत:चा फ्लॅट असतो. काका बँकेत असतो, मामा अमेरिकेत असतो. पोराला पंधरा दिवसांनी सांगतात, जा बाळा, परीक्षा बुडवू नको, आम्ही आहोत. आमच्या घरात ‘आम्ही आहोत’ म्हणायला कोणीच नसतं. आमचा फंड म्हणजे तो पोरगा. आमचा विमा म्हणजे तोच पोरगा. म्हणून एकाच मरणात त्यांच्याकडं एक माणूस जातो आणि आमच्याकडं तीन पिढ्यांची चढण जाते. ह्यालाच जात म्हणतात. शिवी दिली तरच जात दिसते असं समजणाऱ्यांनी हा हिशेब पाटीवर मांडून बघावा.

आता कोणी म्हणेल, सरकार शिष्यवृत्ती देतं की! देतं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालापासून आहे, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात होते तेव्हापासून. ती नसती तर आपल्यातले निम्मे लोक आज लिहिते-वाचते नसते, हे छातीवर हात ठेवून कबूल. पण आजचा आकडा बघा. वसतिगृहात राहणाऱ्या मेडिकलच्या विद्यार्थ्याला वर्षाला १३,५०० रुपये भत्ता. महिन्याला पडले ११२५ रुपये. एवढ्यात महिन्याची मेस तरी निघते का? राज्याची स्वाधार योजना आहे, सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,०००. ती वर्षाच्या सुरुवातीला हातात पडली तर पोराचा जीव वाचतो. पण ती पडते कधी, हे ज्यानं समाजकल्याणच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्यात त्याला विचारा.

आणि ह्या सगळ्या योजनांत घरच्या मरणाला रकाना नाही. उत्पन्नाला रकाना आहे, जातीला आहे, मार्कांना आहे, बँक खात्याला आहे. कमावता माणूस गेला तर काय, ह्याला नाही. उलट शिष्यवृत्तीच्या नियमांत असं आहे की चालू वर्षात शिक्षण सोडलं तर घेतलेली रक्कम परत मागता येते. म्हणजे ज्याच्याकडं तिरडीला पैसे नव्हते त्याच्याकडून वसुली!

पुढं मेडिकलचे स्वत:चे नियम. २०२३ च्या नियमावलीप्रमाणे थिअरीला ७५ टक्के हजेरी, प्रॅक्टिकलला ८० टक्के. पहिल्या वर्षाला जास्तीत जास्त चार प्रयत्न. आणि प्रवेशाच्या तारखेपासून नऊ वर्षांत सगळं आटपायचं. नऊ वर्षं ऐकायला पुष्कळ वाटतात. पण ह्या घड्याळाचा काटा बापाच्या तेराव्याला थांबत नाही. आईच्या केमोथेरपीला थांबत नाही. दोन वर्षं हमाली करून बहिणीचं लग्न लावून पोरगा परत आला, तर ती दोन वर्षं त्याच्याच नावावर मांडलेली. नव्या शैक्षणिक धोरणात २०२० सालापासून मोठा गवगवा आहे, की मधे सोडा, मधे या, एका वर्षाला सर्टिफिकेट, दोन वर्षांना डिप्लोमा. एमबीबीएसला त्यातलं काही नाही. अडीच वर्षं शरीरशास्त्र, औषधशास्त्र, रोगनिदान शिकलेला पोरगा बाहेर पडला की कागदावर काय? बारावी पास. बस्स.

आणि आता बाँड. इथं दोन बाँडांची सरमिसळ करू नका. शिकून झाल्यावर सरकारी सेवा करायचा बाँड वेगळा. महाराष्ट्रात एमबीबीएसनंतर एक वर्ष सेवा, नाही केली तर १० लाख. त्याच्याशी आपलं भांडण नाही. लोकांच्या पैशावर डॉक्टर झालास, जा वर्षभर मेळघाटात नाहीतर गडचिरोलीत. गेलंच पाहिजे! भांडण आहे ते सीट मधूनच सोडली म्हणून घेतल्या जाणाऱ्या दंडाशी. राज्याराज्यांत त्याचे आकडे वेगळे. मध्य प्रदेशात तो ३० लाखांचा होता, २०२४ मध्ये तिथल्या सरकारला तो उठवावा लागला. जानेवारी २०२४ मध्ये वैद्यकीय आयोगानं स्वत: राज्यांना पत्र लिहिलं, की पीजीच्या विद्यार्थ्यांवरचा हा बाँड काढून टाका, ताणाखालचा विद्यार्थी त्यात आणखी अडकतो. आयोगाला कळलं ते कॉलेजांच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कला कधी कळणार?

बाँडवाले म्हणतात, एक सीट रिकामी गेली की लोकांचे पैसे वाया जातात, एक डॉक्टर कमी होतो. मुद्दा खोटा नाही. पण दंडानं ती सीट भरते का? नाही. दंडानं डॉक्टर तयार होतो का? नाही. ज्याला दुसऱ्या कॉलेजात आवडीची ब्रँच मिळाली त्याचा बाप चेक फाडून मोकळा होतो, त्याला हा दंड म्हणजे पार्किंगची पावती. ज्याच्या घरात प्रेत पडलंय त्याला तो दंड म्हणजे जन्मठेप. एकच कायदा, पण एकाला डास चावतो आणि दुसऱ्याला नाग. तुम्हाला सीट वाया जायला नको ना? मग त्या पोराला परत येऊ द्या! तीच सीट, तोच पोरगा, तोच डॉक्टर, दोन वर्षं उशिरा. रजा द्या, राजीनामा मागू नका.

हे अशक्य आहे म्हणणाऱ्यांना एक जुनी नोंद दाखवतो. १९१७ साली एक विद्यार्थी लंडनमधलं शिक्षण अर्धवट टाकून मुंबईला परतला. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. लंडन विद्यापीठानं त्याला चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी दिली होती. इथं आल्यावर बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, जात आडवी आली. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली, पगारातले पैसे बाजूला टाकले. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिलं. १९२० मध्ये परत लंडन, १९२३ मध्ये डी.एस्सी. आपण जयंतीला त्यांच्या बुद्धीचा जयजयकार करतो, तो करायलाच हवा. पण त्या तीन वर्षांचं गणित कोणी सांगत नाही. बुद्धी होतीच, शिवाय उघडं ठेवलेलं दार होतं, नोकरी होती, कर्ज देणारा मित्र होता आणि मदत करणारा राजा होता. ह्यातलं एक जरी नसतं तर? साम्राज्यशाहीच्या राजधानीतलं विद्यापीठ एका अस्पृश्य विद्यार्थ्यासाठी चार वर्षं दार उघडं ठेवतं, आणि त्याच माणसानं लिहिलेल्या घटनेखाली चालणारं कॉलेज त्याच्या लेकरांना चार महिने थांबत नाही!

कोर्टात जा म्हणतात. सप्टेंबर २०२४ मध्ये अतुल कुमार नावाच्या दलित मजुराच्या मुलाची धनबाद आयआयटीतली सीट १७,५०० रुपये वेळेत भरता आले नाहीत म्हणून गेली होती, सुप्रीम कोर्टानं ती परत दिली. चांगलं झालं. पण प्रत्येक १७,५०० साठी दिल्ली गाठायची काय? हक्क असा पाहिजे की जो कॉलेजच्या खिडकीवर मिळेल, सरन्यायाधीशांच्या दयेवर नाही.

म्हणून आमच्या मागण्या साफ आहेत. एक, कमावता माणूस गेला किंवा अंथरुणाला खिळला तर विद्यार्थ्याला दोन वर्षांपर्यंत रजा, आणि ती नऊ वर्षांत मोजायची नाही. दोन, अशा विद्यार्थ्यावर बाँडचा एक रुपयाही दंड नाही, शिष्यवृत्तीची वसुली नाही, मूळ कागदपत्रं अडवून ठेवायची नाहीत. तीन, घरातला कमावता गेल्यापासून महिन्याच्या आत रोख मदत, पोराला आणि घरालाही. चार, सफाई कामगाराच्या घरात कोणी शिकत असेल तर त्याचं शिक्षण पुरं होईपर्यंत क्वार्टर खाली करायची नाही आणि वारसाची जागा राखून ठेवायची. झाडू चार वर्षं थांबला तर शहर बुडत नाही. पाच, शिक्षण कोणी सोडलं ह्याचे जातवार, कारणवार आकडे दरवर्षी प्रत्येक मेडिकल कॉलेजनं जाहीर करायचे. मग बघू कोण गळतं आणि कोण ढकलतं.

आता थोडं आपल्याकडं. नीटचा निकाल लागला की आपण हार घेऊन धावतो. दुसऱ्या वर्षी त्या पोराच्या दारात कोण जातं? ज्या मंडळाकडं जयंतीच्या डीजेसाठी लाख रुपये गोळा होतात त्या मंडळाकडं एका पोराच्या मेससाठी महिन्याला तीन हजार का नसावेत? वसाहतीतल्या प्रत्येक मेडिकल, इंजिनिअरिंगच्या पोरापोरीची यादी करा. पोरींची आधी करा, कारण घरात कोणी आजारी पडलं की पहिलं कॉलेज पोरीचं सुटतं, आणि त्याला कोणी संकटही म्हणत नाही, वळण म्हणतात. घरात मयत झाली की दहाव्याच्या आधी चार जणांनी कॉलेजात जावं, प्राचार्यापुढं बसावं, रजेचा अर्ज स्वत: लिहून द्यावा, त्याची पोच घ्यावी. ही कामं भाषणापेक्षा कंटाळवाणी आहेत. पण चळवळ नावाची गोष्ट अशाच कंटाळवाण्या कामांवर उभी राहते.

आणि ज्यानं सोडलं त्याला एवढंच सांगा: गड्या, तू पळाला नाहीस. तू घर वाचवलंस. तू आज बापाचा झाडू हातात घेतलास म्हणून तुझी बहीण उद्या बारावीला बसेल. मान खाली घालायची असेल तर ती त्यांनी घालावी ज्यांनी तुला ह्या दोनातून एक निवडायला लावलं. तुझी पुस्तकं रद्दीत घालू नको. आम्ही दार ठोठावतोय, तू तयारीत राहा.

जय भीम!