पंगतीआधी बिलं चुकती करा

मार्चअखेर उलटली आणि वाचकांच्या पत्रांचा सूर यंदाही तोच. भोसरीतले एक टर्निंगवाले लिहितात: फेब्रुवारीत माल पोचला, गेटवर चलनावर शिक्का पडला, पार्ट असेंब्लीला लागलेही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पर्चेसमधून फोन आला, ‘ते बिल रद्द करा, एप्रिलच्या तारखेचं पाठवा. जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झालेली नाही.’ त्या कंपनीच्या रिसेप्शनमध्ये विठ्ठल-रखुमाईच्या संगमरवरी मूर्ती आहेत, रोज सकाळी आरती होते आणि आषाढी वारीला दिंडीची पंगत उठते.

हे कशासाठी चालतं ते आपल्याला ठाऊक आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं मुदतीत चुकती केली नाहीत, तर प्राप्तिकर कायद्याच्या ४३बी(एच)मुळे ती रक्कम प्रत्यक्ष दिली त्याच वर्षीच्या खर्चात धरता येते. मग पैसे देण्याऐवजी तारीख हलवायची. काहींनी तर ‘उद्यम नोंदणी काढून टाक, नाहीतर ऑर्डर विसर’ असं तोंडावर सांगितलं आहे.

जीआरएनची सबब तर निव्वळ खोटी. २००६च्या एमएसएमई कायद्याला जीआरएन माहीत नाही. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा. लेखी करार नसेल तर तिथून १५ दिवस, असेल तरी जास्तीत जास्त ४५. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज. हे पर्चेसवाल्यांना चांगलं माहीत असतं. पुरवठादाराने मात्र फेब्रुवारीच्या बिलाचा जीएसटी मार्चमध्येच पदरचा भरलेला असतो. या कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जावं, तर कलम १८ म्हणतं ९० दिवसांत निकाल. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात आणि पुढची ऑर्डर आधी जाते.

पण आमचा खरा राग पर्चेसच्या किंवा कौन्सिलच्या अधिकाऱ्यांवर नाही, श्रद्धावान मालकांवर आहे. देहू आपल्या शेडपासून हाकेच्या अंतरावर. तुकोबांनी आपल्या वाट्याची सावकारीची खतं इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. त्यांनी लोकांकडचं येणं सोडलं. त्यांच्या पालखीला पंगत वाढणारे आपण लोकांचं देणं अडवून ठेवतो! इंग्लंडच्या क्वेकर पंथात कॅडबरी, राउंट्री ही उद्योगघराणी झाली. तिथे कर्ज बुडवणाऱ्याची चौकशी पंथाची सभा करी, दोषी ठरला तर त्याला पंथाबाहेर काढी. ‘बेस्ट प्रॅक्टिस’वर सेमिनार भरवणाऱ्या आपल्या उद्योजक संघटनेने उशिरा पैसे देणाऱ्या एका तरी सभासदाला आजवर जाब विचारला आहे का?

मालकहो, पालखी निघायच्या आधी अकाउंट्सला समोर बसवा. ४५ दिवसांवरची देणी काढा, सगळ्यात लहान पुरवठादार आधी. जीआरएन गेटवर, त्याच दिवशी झाली पाहिजे. एकरकमी जमत नसेल तर तुम्ही स्वतः फोन करा आणि तारीख द्या. ते काम पर्चेसवर ढकलू नका. पंगतीची वर्गणी त्यानंतर.

पुरवठादारांनो, बिलावर उद्यम क्रमांक छापा, चलनावर तारखेसह सही घ्या आणि दिलेलं बिल मागे घेऊ नका. तारीख बदलून मागणारा ईमेल आला तर आमच्याकडे पाठवा. तुमचं नाव छापणार नाही, पण तो ईमेल संघटनेच्या जूनच्या कार्यकारिणीत त्या मालकापुढे ठेवू.