अश्मयुगातलं इंग्रजी

२००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. विंचूरसारख्या कांद्याच्या गावातली मुलं ते घोकतात खरी, पण त्यात बोलण्याजोगं काही सापडत नाही. आदिमानवाची चित्रपुस्तकं इथं उपयोगी पडतात. सातोशी कितामुरा यांच्या ‘स्टोन एज बॉय’मधला मुलगा ठेचकाळून पडतो तो थेट अश्मयुगात, आणि तिथं त्याला ओम नावाची मुलगी भेटते. दगड, आग, शिकार, गुहा: शब्द मोजके, वाक्यं छोटी, पुढं काय होणार याची ओढ मोठी. बाईंचं इंग्रजी बेताचं असलं तरी निभावतं.

पण दर वेळी परदेशातल्या गुहेतच का शिरायचं? पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१मध्ये नाशिकला आणि संगमनेरजवळच्या जोर्व्याला उत्खनन केलं. जोर्व्याचं तोटीचं भांडं फळ्यावर काढा: लाल अंग, त्यावर काळ्या रेघा, बाजूला लांब तोटी. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ही वस्तू. ‘रेड पॉट, ब्लॅक लाइन्स’ एवढं दुसरीतलं पोर सहज म्हणेल, आणि मग त्यातून कोण काय प्यायचं हे मराठीत विचारेल. विचारू द्यावं. मराठी बोललं म्हणून दटावणाऱ्या शाळा आम्हाला मुळीच पटत नाहीत.

जोर्व्यावर असं सोळा पानी, सोप्या इंग्रजीतलं पुस्तक कुणी लिहीत असेल, तर हस्तलिखित आमच्याकडे जरूर पाठवा.