गच्चीवरचा टॉवर कोणाच्या डोक्यावर?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका जुन्या तीनमजली इमारतीवर मोबाईल टॉवर बसवायचे ठरले. मालकांना दरमहा भाडे मिळणार होते. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या, विड्या वळून घर चालवणाऱ्या चाचींना ही बातमी कळली ती मजूर लोखंडी अँगल जिन्यातून वर नेऊ लागले तेव्हा.

संध्याकाळी मोहल्ला जमला. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, रेडिएशन. चाची मात्र छताकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "सर, बारिश में यहाँ से पानी टपकता. इत्ता वजन संभालेगा क्या?"

माझ्या मते खरा प्रश्न चाचींनीच विचारला होता.

रेडिएशनची भीती मी हसण्यावारी नेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात ठेवले, कारण पुरावा मर्यादित होता. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकीच मर्यादा लागू केली. शंका असेल तर 'तरंग संचार' पोर्टलवर शुल्क भरून मोजणी मागता येते. म्हणजे या भीतीला निदान मोजमाप तरी आहे.

वजनाचे काय? खांब, अँटेना, बॅटऱ्या, शिवाय वादळात वाऱ्याचा जोर. सोलापूरच्या जुन्या पेठांत मूळच्या माळवदाच्या घरांवर गरजेप्रमाणे मजले चढत गेले. त्यांचे नकाशे कोणाकडे असतील?

पूर्वी अशा कामाला महापालिकेची परवानगी लागे. १७ ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र सरकारने 'राइट ऑफ वे' नियम बदलले. खासगी इमारतीसाठी परवानगीऐवजी आधी लेखी सूचना आणि सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचे प्रमाणपत्र पुरेसे झाले. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा आला आणि त्याखालचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. तिथेही पाया मालकाशी होणारा करार हाच आहे. त्या छताखाली झोपणाऱ्या भाडेकरूची सही त्यावर नसते.

मी टॉवरविरोधी नाही. २०२० च्या टाळेबंदीत माझे विद्यार्थी रेंजसाठी गच्च्यांवर बसून धडे ऐकत होते. गरिबाच्या वस्तीलाही नेटवर्क हवेच. पण परवानगी गेली आणि सगळा भार एका कागदावर आला. तो कागद तरी खरा असायला नको का?

आम्ही तो मागितला. कागद आला, शिक्काही होता. मात्र सही करणारे साहेब इमारत पाहायला कधी आले, हे कोणालाच आठवत नव्हते. मालक भले माणूस. त्यांनी काम थांबवले आणि दुसऱ्या इंजिनिअरला बोलावले. त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या आणि नकार दिला. भाडे बुडाले, याचे मालकांना वाईट वाटले आणि ते साहजिक आहे.

तुमच्या इमारतीवर टॉवर येणार असेल तर दोन गोष्टी करा. प्रमाणपत्र वाचा आणि इंजिनिअर प्रत्यक्ष आले होते का, ते विचारा. ते मिळत नसेल तर माहिती अधिकारात महापालिकेकडे प्रत मागा. मालकांना एवढीच विनंती आहे की, सही करण्याआधी वरच्या मजल्याचे दार ठोठवा. शेजाऱ्याचा हक कायद्यात लिहिलेला नसला, तरी तो आपल्याला घरातच शिकवलेला असतो.