शोकातील हास्य

आमच्या घरी सध्या एक अबोला चालू आहे, आणि त्याला कारण एक कावळा. गेल्या महिन्यात आमचे थोरले काका वृद्धापकाळाने निवर्तले. दहाव्या दिवशी आम्ही सर्व मंडळी छत्रपती संभाजीनगराहून पैठणास गोदेच्या घाटावर गेलो होतो; हल्लीच्या रीतीप्रमाणे घरच्या स्त्रियाही बरोबर होत्या. पिंड मांडले गेले. झाडावर कावळे पुष्कळ. पण एकही खाली उतरेना. वडील मंडळी हात जोडून एकेक आश्वासन देऊ लागली: नातीचे लग्न यथासांग करू, वाड्याच्या वाटण्या करणार नाही, काकूंना अंतर देणार नाही. अर्धा तास गेला, ऊन चढले. तेव्हा धाकटी सूनबाई हळूच पुटपुटली, "तीन हाका मारल्याखेरीज मामंजी पानावर कधी बसले आहेत का?"

गोष्ट अक्षरशः खरी होती. क्षणभर कोणी बोलेना. आणि मग सर्वांनाच हसू फुटले. गुरुजींनीही उपरणे तोंडाला लावले. आत्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्या सूनबाईशी बोलत नाहीत.

आत्याबाईंच्या बाजूला शास्त्राधार नाही असे मात्र नाही. विश्वनाथाने साहित्यदर्पणात करुण आणि भयानक हे हास्याचे विरोधी रस म्हणून सांगितले आहेत. असे असता या वैऱ्यांना एका पंक्तीस बसविण्याचा उद्योग अलीकडचे कादंबरीकार व चित्रपटकार बुद्ध्या करतात, आणि त्याला 'काळा विनोद' असे नाव आहे. तो साधतो कसा, याचा विचार आम्ही या निमित्ताने करावयाचे ठरविले.

एक परदेशी उदाहरण बोधप्रद आहे. पीटर जॉर्ज या ब्रिटिश लेखकाने १९५८ साली अणुयुद्धाच्या भयावर एक गंभीर कादंबरी लिहिली. ती पडद्यावर आणावयास घेतली तेव्हा दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ध्यानात आले की, जे जे प्रसंग खरे वाटावेत तेच नेमके हास्यास्पद होत आहेत. आणि ते गाळावेत तर त्यांच्याबरोबर सत्यही गळून जाते. अखेरीस त्यांनी गांभीर्याचा हट्ट सोडला, आणि १९६४ साली 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' हा चित्रपट प्रहसनाच्या अंगाने पुढे आला. जगाचा अंत जवळ येत असतानाही त्यातील मोठी माणसे सभ्यतेचे बारीकसारीक नियम पाळण्यात दंग असतात. या विनोदाचे इंगित हेच. मृत्यू केवढाही मोठा असो, माणसाच्या लहान सवयी त्याच्या मानासाठी उठून उभ्या राहत नाहीत.

आपल्या मराठीत ही गोष्ट प्रथम रंगभूमीने ठसठशीतपणे दाखविली. सतीश आळेकर यांच्या १९७४ सालच्या 'महानिर्वाण' नाटकात मेलेले भाऊराव स्वतःच्या मरणावर स्वतःच कीर्तन करतात, आणि दहन जुन्याच स्मशानात व्हावे असा हट्ट धरतात. ज्या घरांत कीर्तनाची परंपरा आहे, त्यांना यातील मर्म वेगळे सांगावयास नको: घाट पवित्र, आणि त्यात ओतलेला मजकूर मात्र अगदी घरगुती! राजेश मापुसकर यांच्या 'व्हेंटिलेटर' या २०१६ सालच्या चित्रपटात हेच कुटुंब इस्पितळाच्या दारात आलेले दिसते. घरातील वडील माणूस यंत्राच्या श्वासावर आहे, गणेशोत्सव तोंडावर आला आहे. आणि गोळा झालेल्या नातलगांना, माणूस वाचेल की नाही याबरोबरच, यंदा गणपतीवर सुतक येईल काय, ही विवंचना लागून राहिली आहे. हा चित्रपट आमच्या घरी सर्वांनी मिळून पाहिला होता, आणि आत्याबाईही त्या वेळी पोटभर हसल्या होत्या. कारण उघड आहे. तेथे हसू येते ते खाटेवरच्या रुग्णाचे नव्हे, बाहेर उभ्या असलेल्या आपणा सर्वांचे.

आमच्या मते काळ्या विनोदाची कसोटी हीच होय. थट्टेचे टोक दुःखी माणसाकडे वळले की ती क्रूरता. ते जिवंतांच्या भीतीकडे, हिशेबीपणाकडे वळले की तो विनोद. सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या चित्रपटाकडे पाहावे. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यामुळे धास्तावलेली एक स्त्री आपल्या नवऱ्याच्या मागे लहान मुलाला पाळतीवर ठेवते, आणि त्या बिचाऱ्याला निवांतपणे एकटे कोठे जाणेही दुरापास्त होते. आपण हसतो, परंतु पाळतीचे कारण आठवले की हसू ओठांवरच थिजते. कथा विदर्भातली आहे. पण आम्हा मराठवाड्यातील लोकांना ते दुःख परके नाही. नुसते रडविले असते तर प्रेक्षकाने डोळे पुसून घर गाठले असते. येथे आपण आधी हसून बसलेलो असतो, म्हणून सुटका होत नाही.

मात्र कोठे थांबावे हेही लेखकास कळले पाहिजे. पुढे ज्यांनी आमच्या या नगरीत अध्यापन केले, त्या भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर साऱ्या जगाची टवाळी करतो. पण धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, तेव्हा ती टवाळी गळून पडते. तो तेथेही तसाच हसता, तर त्याचे आधीचे हसणे पोकळ ठरले असते.

आता आमच्या घरच्या खटल्याविषयी. सूनबाईचे वाक्य काकांची टर उडविणारे होते काय? आम्ही भीत भीत काकूंनाच विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दहा दिवस सगळे त्यांना 'कैलासवासी' म्हणत होते. ती बोलली तेव्हा वाटले, हे आपल्याच घरातल्या माणसाबद्दल बोलताहेत."

आत्याबाईंना आम्ही हे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. अबोला मात्र अद्याप सुटलेला नाही. बहिणीचे दुःख आपल्या वेळेने हसेल. त्याला घाई करणारे आम्ही कोण?