गाणी दक्षिणेची, प्रश्न तिकिटाचा

मोरगावच्या माघी वा भाद्रपदी यात्रेत ध्वनिवर्धकावर 'पुष्पा'तील गाणी वाजू लागली की मराठी संस्कृती बुडाल्याची हाकाटी सुरू होते. ही हाकाटी उथळ आहे. 2021 सालचा हा तेलुगू चित्रपट हिंदीतही निघाला, गाणीही हिंदीत लिहिली गेली. तेव्हा यात्रेत वाजते ते बहुधा हिंदी गाणेच. देवी श्री प्रसाद यांचा ठेका हलगीवर वाढलेल्या कानाला परका वाटत नाही, यात नवल ते काय? शेजारच्या करमाळा तालुक्यात चित्रित झालेल्या 'सैराट'च्या गाण्यांनी 2016 मध्ये याच श्रोत्याला नाचविले होते.

प्रश्न रुचीचा नसून तिकिटाचा आहे. तामिळनाडूत सरकारने तिकिटाच्या दरावर मर्यादा घातली. (पहिल्या दिवशी काळ्या बाजारात ती मोडली जाते, हा भाग निराळा.) त्यामुळे तेथे श्रमिकाच्या पसंतीला बाजारात वजन आले. आपल्याकडे तालुक्याची चित्रपटगृहे बंद पडत गेली, आणि मराठी चित्रपट शहरी मल्टिप्लेक्सच्या दयेवर उरला. सरकारी अनुदान आहे, पण ते निर्मात्याला, प्रेक्षकाला नव्हे. परभाषेतील गाण्यांवर बंदी मागणाऱ्यांनी बारामती-इंदापूरच्या ऊसतोड मजुराला परवडेल अशा दरात मराठी चित्रपट दाखविण्याची मागणी कधी केली आहे काय?