तिसरी पिन काढू नका!

संगणकावरची गाणी ॲम्प्लिफायरला जोडून ऐकताना पुष्कळ घरांत मागे सतत ‘घूंऽऽ’ अशी घरघर येते. त्यावर हमखास सांगितला जाणारा उपाय म्हणजे प्लगची जाड तिसरी पिन काढून टाकणे. घरघर थांबते हे खरे. पण माझ्या मते हा जिवाशी खेळ आहे.

घरघर येते कशी? लॅपटॉपचा चार्जर आणि ॲम्प्लिफायर हे दोन्ही अर्थिंगला जोडलेले असतात. ध्वनीच्या तारेवरचे जाळीदार वेष्टन त्यांना पुन्हा एकदा जोडते आणि एक बंद कडे तयार होते. दोन जागच्या अर्थिंगमध्ये किंचित जरी विभवांतर असले, तरी या कड्यातून प्रवाह वाहतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. म्हणून ५० हर्ट्‌झ व त्याच्या पटींचे स्वर गाण्यात मिसळतात. पिन काढली की कडे तुटते. पण उद्या आतली तार उघडी पडून पत्र्याच्या पेटीला टेकली तर? अर्थिंग असेल तर मोठा प्रवाह जमिनीकडे जाऊन फ्यूज उडतो. नसेल तर पेटीला हात लावणाराच त्या प्रवाहाची वाट बनतो.

त्यापेक्षा चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. घरघर थांबली, तर गुन्हेगार सापडला! मग दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावा. तेवढ्याने भागले नाही, तर ध्वनीच्या तारेत विलगक ट्रान्सफॉर्मर घाला. प्रकाशतंतूची जोडणी असल्यास उत्तमच. काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही.

आता ‘जिटर’. सीडीवर ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. ते ठरल्या क्षणापेक्षा किंचित मागेपुढे उमटणे म्हणजे जिटर. त्याचा बागुलबुवा दाखवून महागड्या यूएसबी केबली विकल्या जातात. १६ बिटांच्या ध्वनीत, २०,००० हर्ट्‌झच्या पूर्ण जोराच्या स्वरालाही चूक अर्ध्या पायरीच्या आत ठेवायची, तर वेळ सुमारे १२० पिकोसेकंदांहून जास्त चुकता कामा नये. तेवढ्यात प्रकाशसुद्धा साडेतीन सेंटिमीटरच जातो! अट कडक खरी, पण ती सांभाळायची असते आकड्यांचा ध्वनी करणाऱ्या ‘डॅक’ने. आजचे पुष्कळ यूएसबी डॅक आलेले आकडे आधी साठवतात आणि स्वतःच्या स्फटिक-घड्याळाच्या ठोक्यावर सोडतात. गच्चीवरची टाकी भरलेली असली की नगरपालिकेचे पाणी कसेही येवो, नळाची धार बदलत नाही. केबलीचे पैसे मी तरी घरचे अर्थिंग तपासून घेण्यात घालीन.